दार उघडं ठेवायचा कायदा

मी एका विधेयकाची पहिली प्रत बोलतेय. चार पानं, सात कलमं, कोपऱ्यात चहाचा डाग. दिसायला साधी आहे, पण माझ्यापायी अख्खं सभागृह श्वास रोखून बसलं होतं, माहितीये?

मला दोघांनी घडवलं. एक ताई, नुकत्याच निवडून आलेल्या. त्याआधी बारा वर्षं शिवणकामाच्या कारखान्यात मशीनवर बसलेल्या. दुसरे मसुदेकाका, कानामागे पेन्सिल खोचून सदस्यांचं म्हणणं कायद्याच्या भाषेत उतरवणारे.

ताईंची धाकटी बहीण अजून त्याच कारखान्यात होती. चोरी होऊ नये म्हणून तिथे पाळी सुरू झाली की दाराला बाहेरून कुलूप लागायचं. एकदा आत धूर झाला. किल्ली सापडेपर्यंत बायका खिडकीच्या गजांना तोंड लावून उभ्या होत्या. बहीण वाचली, पण दमा मागे लागला तो लागलाच.

“लिहा काका, माणसं आत असताना दार शक्यतो बाहेरून बंद करू नये.”

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. “ताई, या ‘शक्यतो’च्या फटीतून अख्खा कारखाना निसटेल.”

“मग खोडा की!”

तो शब्द गेला आणि मला कणा आला.

मग ताईंनी मला सभागृहात मांडलं. त्या दिवशी चर्चा नसते; नाव वाचतात आणि छपाईला धाडतात. एका दुपारीत मला शेकडो जुळ्या बहिणी झाल्या! मग मला समितीकडे सोपवलं. सगळ्या पक्षांचे नऊ सदस्य, ताईही त्यांत. कलम न कलम पिंजून काढायचं हे त्यांचं काम.

तिथे त्या नवांतलेच एक, स्वतःची गिरणी असलेले गिरणीवाले साहेब, अडून बसले. “कुलूप काढलं तर माल जाईल. आणि किल्ली दोन मिनिटांत मिळते हो!”

“चला, बघूनच येऊ,” समितीच्या प्रमुख बाई म्हणाल्या.

नऊच्या नऊ जण कारखान्यात गेले. मी ताईंच्या पिशवीत. बाहेरून कुलूप लागलं. प्रमुख बाईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि म्हणाल्या, “हं, आता उघडायला सांगा.”

पहारेकरी जेवायला गेला होता, किल्ली त्याच्या खिशात! तीन मिनिटं गेली. सहा गेली. साहेबांनी कॉलरचं बटण सोडलं. आठव्या मिनिटाला तेच दारावर धपाधपा हात मारायला लागले. दार उघडलं ते अकराव्या मिनिटाला.

मग मतदानाचा दिवस आला. एका सदस्याने दुरुस्ती सुचवली: पहिल्या कलमात ‘शक्यतो’ घाला. काकांनी बुजवलेली तीच फट! अध्यक्षांनी कौल विचारला. ‘होय’ आणि ‘नाही’ सारख्याच जोराने घुमले.

“मतविभागणी!” ताई ओरडल्या.

मोजणी चालू असताना कुणी आतबाहेर करू नये म्हणून सभागृहाची दारं लागली. एकेका बाजूला उभं करून डोकी मोजायला सुरुवात झाली. दुरुस्तीच्या बाजूने चौऱ्याऐंशी. विरोधात... ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी. आणि मागच्या बाकावरून गिरणीवाले साहेब सावकाश उठले.

शेजाऱ्याने त्यांचा कोट ओढला. “अहो, बसा! आपली बाजू ती नव्हे.”

“अकरा मिनिटं आत मी होतो,” साहेब म्हणाले, “तुम्ही नव्हता.”

पंच्याऐंशी! बाकं वाजली, कागद उडाले, ताई मला छातीशी धरून रडल्या. त्यानंतर पूर्ण विधेयक मंजूर झालं, दुसऱ्या सभागृहाने पाच आठवडे तपासलं, राष्ट्रप्रमुखांची सही झाली, राजपत्रात छापून आलं. मी कायदा झाले!

आता माझा मुक्काम सभागृहाच्या ग्रंथालयात, खिडकीजवळच्या खणात. कधी आलात तर मला जरूर वाचा. कायदे तुमच्यासाठीच असतात. लांबून नमस्कार करून निघून जाऊ नका.

आणि हो, कायदा लागू झाला ती सकाळ सांगायची राहिली. ताई मला घेऊन कारखान्याच्या फाटकाशी उभ्या होत्या. पाळी सुरू झाली. थोड्या वेळाने दार ढकलून बहीण बाहेर आली.

ताई धावल्या. “काय गं, काय झालं?”

“काही नाही गं. उघडतंय का ते बघितलं.”

ती क्षणभर उन्हात उभी राहिली, हसली आणि आपल्या मशीनकडे परत गेली.