लाल कुलपाची धास्ती

मी एक जुने लाल कुलूप आहे. मित्रांनो, कुलूप म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे तिजोरी येते, दागिने येतात. माझ्या नशिबी त्यातले काहीच आले नाही. मी राखला तो एक जीव. आणि खरे सांगते, राखताना मी जन्मभर घाबरत आले.

माझे अंग प्लॅस्टिकचे, कारण प्लॅस्टिकमधून वीज जात नाही. कडी तेवढी पोलादाची. कारखान्यात माझ्यासोबत एकच किल्ली निघाली, दुसरी कुणी घडवलीच नाही. "किल्ली एक, कुलूप एक, आत जीव एक," असे गुणगुणत एक बाई आम्हाला खोक्यात भरत होती. तिचे ते कामाचे गाणे होते. मला मात्र तेव्हाच कापरे भरले.

खोके उघडले ते एका इंजिनिअर बाईने. तिला सगळे ताई म्हणत. खिडक्या नसलेल्या एका मोठ्या इमारतीत ती कामाला होती. आत कपाटांच्या रांगाच रांगा आणि कपाटांत अखंड जागी असलेली यंत्रे. तुम्ही आजीला पाठवलेला फोटो, बाबांनी काढलेले तिकीट, दवाखान्यातला रिपोर्ट, सारे अशाच एखाद्या कपाटात जपलेले असते. अशा इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. यंत्रे क्षणभरही विझू द्यायची नाहीत, म्हणून तिथे विजेच्या दोन वाटा असतात. एक दुरुस्तीला घेतली की दुसरीवर सगळे चालते.

ताई एका वाटेचा मुख्य स्विच खाली पाडायची, त्याच्या मुठीत मला अडकवायची, आपल्या नावाची पाटी लावायची. किल्ली गळ्यात, फोन बाहेरच्या ट्रेमध्ये. मग यंत्रांच्या घरघरीपासून बचावाला कानांवर जाड टोप्या चढवून ती पॅनेलच्या मागे जायची आणि तांब्याच्या पट्ट्यांमध्ये खांद्यापर्यंत हात घालायची. मी जागेवर असेपर्यंत तो स्विच वर जाणार नव्हता. मी निघाले आणि कुणी स्विच चढवला, तर... पुढचे मी कधी मनातही पुरे केले नाही. वाघ निदान गुरगुरतो. वीज तेवढेही करत नाही.

वर्षे गेली. लोक माझे कौतुक करत, रंग उडाला नाही म्हणत. घरी मात्र ताईची आई मला पाहून नाक मुरडायची.

"घराला कुलूप लावायला विसरतेस, आणि त्या डबड्याला बरं आठवणीनं लावतेस."

"घरात चोर शिरला तर भांडी जातील गं, आई."

"आणि तिथे?"

ताई भाजी चिरत राहिली.  तेव्हापासून आई रोज दारापर्यंत येऊ लागली. ताईच्या गळ्यातली किल्ली चाचपून पाहायची आणि मगच तिला सोडायची.

आता त्या दुपारची गोष्ट. मी स्विचवर होते, ताई मागे पट्ट्यांमध्ये होती. तेवढ्यात दुसऱ्या वाटेवर काहीतरी बिनसले. वरचे दिवे पिवळे झाले, भोंगा वाजू लागला. कपाटे बॅटऱ्यांवर आली, आणि बॅटऱ्या घोटभर पाण्यासारख्या असतात, फार पुरत नाहीत. धावत आले ते तिथले मोठे साहेब. एका जागी कधी उभे राहत नाहीत म्हणून सगळे त्यांना पाठीमागे भिंगरी म्हणायचे. त्यांच्यामागे वायरमन, हातात लांब दांड्यांचा कटर.

भिंगरीसाहेबांनी मला पाहिले आणि कपाळावर हात मारला. "ही बया कुलूप लावून घरी गेली."

"गेल्या?" वायरमन म्हणाला.

"रखवालदारानं स्वतः पाहिलं बाहेर जाताना."

रखवालदार खोटे बोलत नव्हता. ताई पाना आणायला बाहेर गेली होती खरी. पण मागच्या दाराने ती परत आली, ते कुणी पाहिले नव्हते.

"साहेब, पण पाटी आहे की."

"पाटी आहे, बाई नाही. तिकडे दवाखान्यांची यंत्रं बंद पडतील. जबाबदारी माझी. तोड."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी किंचाळले असते. कुलपाला तोंड असते ते फक्त किल्लीसाठी. कटरचा जबडा माझ्या कडीवर बसला. थंड होता. वायरमनने दांड्या दाबल्या, पाते पोलादात रुतले आणि माझ्यातून एक कळ गेली. मागे ताई पट्टीवरचा बोल्ट आवळत होती. तिच्या पान्याचा नाजूक टक् टक् मला पॅनेलच्या अंगातून ऐकू येत होता. भोंग्यात तो या दोघांना कसा ऐकू यावा? मी तुटतेय, ताई, बाहेर ये, हात काढ. मी मनातल्या मनात आक्रोश करत होते, आणि ती निवांत बोल्ट आवळत होती.

वायरमनने दम घेतला. "निम्मी तुटली. पोलाद चिवट आहे."

"तू चालू ठेव. मी तोवर तिला फोन करून चांगली झाडतो. उद्या येऊ दे, बघतोच तिच्याकडे."

साहेबांनी फोन लावला. आणि माझ्या खालच्या ट्रेमध्ये ताईचा फोन थरथरू लागला, उजळला.

कटर थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. साहेबांचा चेहरा कागदासारखा झाला. ते पॅनेलला वळसा घालून मागे धावले. वायरमनने कटर जमिनीवर ठेवला, दोन्ही हातांनी मला झाकून धरले आणि तसाच उभा राहिला. 

मागून ताईचा आवाज आला. "काय हो साहेब? असे बसलात का खाली? झालंच माझं."

त्या दिवशी काही कपाटे विझली. काही लोकांची तिकिटे निघाली नाहीत. दवाखान्यांनी आपापली बॅटरी वापरून वेळ निभावून नेली. रात्री आईने ताईला जेवायला वाढले, तेव्हा ताईचा घास हातातच राहिला.

"मी कशामुळे वाचले, माहीत आहे आई? साहेबांना राग आला म्हणून. मला ओरडायला त्यांनी फोन केला. रोज कुणाला राग येईलच असं नाही ना."

त्यानंतर ताईने पाना खाली ठेवला आणि नियम घडवण्याचे काम हाती घेतले. डेटा सेंटरमध्ये काय करायचे आणि काय नाही, हे ठरवणाऱ्या मोठ्या बैठकांना ती जाऊ लागली. तिचा नियम साधा होता. कुलूप काढण्याआधी कुलूपवाल्याला नावाने हाक मारायची, आत जाऊन शोधायचे, आणि तो सापडेपर्यंत कडीला हात लावायचा नाही.

एक सदस्य म्हणाले, "आणीबाणीत अपवाद ठेवावा लागेल."

"त्या दिवशीही आणीबाणीच होती," ताई म्हणाली.

वाद बरीच वर्षे चालला. अपवाद राहिला नाही.

पण भिंतीवर नियम लागला म्हणून माणसांच्या अंगी तो भिनतोच असे नाही. म्हणून पिकल्या केसांची ताई आता गावोगावची सेंटरे तपासत फिरते, आणि मला सोबत नेते. माझी कडी अर्धी तुटलेली, माझ्या भरवशावर कुणाचा जीव टाकता येत नाही. ताई मला एखाद्या रिकाम्या, वीज नसलेल्या स्विचवर अडकवते, पाटी लावते, मागे जाऊन गप्प बसते. मग तिथल्या लोकांना सांगितले जाते, विजेची ही वाट लवकर चालू करा. पाऊल वाजले की मला तो जुना कटर आठवतो. काही ठिकाणी थेट कटरच येतो, आणि तो कडीला लागण्याआधी ताई पुढे येऊन थांबवते. अशा सेंटरला ताई चालवायची परवानगी नाकारते.

परवा एका नव्या सेंटरमध्ये अशीच पावले आली आणि माझ्यापुढे थांबली. पोक्त वयाचा शिफ्टप्रमुख होता. त्याने पाटी वाचली आणि त्यावरचे नाव घेऊन हाक दिली.

"ताई, आत आहात का?"

 कुणी पाठीमागून ओरडले, "अहो, वेळ जातोय, तोडा ना."

"जाऊ दे वेळ. ताई, ओ ताई, आहात का?"

मित्रांनो, कुठे लाल कुलूप दिसले, त्यावर नाव दिसले, तर तुमची घाई थोडी बाजूला ठेवा. हाक मारा. उत्तर आले नाही तर आत जाऊन पाहा. कुलूप मुके असते, आणि आतल्या माणसाला बाहेरचे काही कळत नसते.

शिफ्टप्रमुख वळसा घालून मागे आला. ताई भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून.

"आहे रे बाबा," ती म्हणाली, "आहे मी."