तीनदा बदललेलं पाणी

दहाव्या दिवशी बंदरातून उपसलेल्या गाळाच्या प्रत्येक बरणीत वीसपैकी अठरा अळ्या जिवंत निघाल्या. स्वच्छ गाळातही अठराच. मी पुन्हा मोजल्या. याच गाळात मागच्या खेपेला जेमतेम पाच उरल्या होत्या.

"मामा, पाणी कितीदा बदललंत?"

प्रयोगशाळेचे शिपाई मामा चाळणी धूत होते. "रोज तीनदा. बिचाऱ्या गाळातून वर येऊन तडफडायच्या. बघवेना."

नियम दिवसातून एकदा, तेही निम्मं पाणी. मामांनी दहा दिवस विष धुऊन मोरीत ओतलं होतं.

"तडफडू द्यायचं होतं त्यांना!" मी ओरडले. "गाळ किती विषारी, ते त्याच सांगतात. तुमच्या दयेनं त्यांचं तोंड बंद केलं!"

आवाज ऐकून साहेब आत आले. तक्ता बघून खूश झाले. "अठरा! उत्तम. अहवाल आजच जाऊ दे."

"साहेब, चाचणी वाया गेलीय. परत लावावी लागेल."

"अळ्या जिवंत आहेत ना? मग तुला काय त्यांची लग्नं लावायचीत? सोमवारी ट्रक निघणार. गाळ वरच्या तळ्याच्या काठाला भराव म्हणून जाणार."

"त्या तळ्याचं पाणी लोक पितात!"

"तुझ्या अळ्याही प्यायल्याच की. मेल्या का?"

मी तक्ता स्वतःकडे ओढला.

"वरचं तळं?" मामांनी चाळणी खाली ठेवली. "माझी लेक राहते तिथं. नातू तीन वर्षांचा आहे."

मामांनी नोंदवही ओढली. दहाही दिवसांपुढे त्यांनीच नियमाप्रमाणे 'एकदा' लिहिलेलं होतं. ते एकेक खोडून त्यांनी शेजारी 'तीनदा' लिहायला घेतलं, प्रत्येक ओळीला सही.

"मामा, निवृत्तीला चार महिने राहिलेत," साहेब हळू म्हणाले. "विसरलात वाटतं."

"नाही साहेब. म्हणून तर अक्षर नीट काढतोय."

"अहवाल माझ्या सहीनं जातो."

"आणि मोजणी माझ्या," मी म्हटलं. तक्त्यावर आडवं 'चाचणी रद्द' लिहिलं, सही केली, नोंदवहीच्या पानासकट फोटो काढला आणि तिथंच उभी राहून तळ्याच्या पाणीपुरवठा कार्यालयाला पाठवला. साहेब दार आपटून गेले.

"नव्या अळ्या आहेत का, ताई?" मामांनी विचारलं.

"दोनशे."

"मग लाव. आता मी पाण्याला हात लावणार नाही."

"लावायचा," मी अजून धुमसतच होते. "रोज एकदा. निम्मंच. आणि तडफडल्या तर बघत बसायचं."


मामांनी मान हलवली आणि बरण्या घासायला घेतल्या.