वाटणीचा साक्षीदार

“दादा, हे दाबाचं मशीन दुकानाचं की तुमचं?” काकांच्या पुतण्याने विचारले आणि पेन यादीवर टेकवून तो थांबला.

त्या यंत्राचे लाकूड काकांनी आणले होते, त्याचा आट्यांचा दांडा मी बसवला होता आणि छत्तीस वर्षे आम्ही दोघांनीही ते कोणाचे आहे याचा उच्चार कधी केला नव्हता.

“दुकानाचंच लिही.”

“आणि हे टोचे, सुया, कात्र्या?”

“तेही.”

“अहो, मग तुमचं काय? काहीतरी वेगळं काढा की.”

त्याच्या स्वरात कुचेष्टा नव्हती. काकांच्या दिवंगत भावाचा हा मुलगा. दुकानाची पायरी तो अकरा वर्षांनी चढला होता आणि सकाळपासून संकोचाने माझी नजर चुकवीत होता. मी खरोखर हत्यारांचा डबा उघडून पाहिला. आतील प्रत्येक टोच्याची मूठ दोघांच्या हातांनी झिजलेली. त्यातून माझी झीज कशी वेगळी काढावी, हे मला उमगले नाही.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. पुस्तके बांधण्याचे हे दुकान व मागची राहती खोली त्यांची. आईच्या पश्चात मावशीने मला येथे आणले. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे सारे वाचन शिवायला आलेल्या सुट्या फर्म्यांतून, म्हणजे छापील पानांच्या घड्यांतून झाले, तेही बहुधा मधूनच. मावशी जाऊन बारा वर्षे झाली. काका दोन महिन्यांपूर्वी गेले, मृत्युपत्र न करता. त्यासाठी जाड कागदाचे चार ताव त्यांनी आणून ठेवले होते. परंतु एका गिऱ्हाइकाच्या ग्रंथाला अस्तर कमी पडले, तेव्हा ते त्यात लावून टाकले.

“जगाची पुस्तकं शिवली तुझ्या काकांनी,” खुर्चीत बसलेल्या आत्या म्हणाल्या. त्या काकांच्या धाकट्या भगिनी. “स्वतःचं एक पान लिहवेना. मी म्हटलं होतं, लिहून टाक बाबा. तर म्हणे, हातातलं काम संपू दे.”

“संपलं नाही ना ते,” मी म्हणालो.

“तुमचं दोघांचं कधी संपलंय?”

दुकान विकावयाचे ठरले होते. वाटणीच्या कागदाची नोंदणी झाली की जागा रिकामी करून द्यावयाची. मी कोठे जाणार, हे कोणी विचारले नव्हते. आणि विचारले असते तर काय सांगावे, हेही मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे नोंदणी कार्यालयात गेलो. बाहेरच्या व्हरांड्यात कागद तयार करून देणारे लेखनिक बसतात. आमच्या लेखनिकाने पाठकोऱ्या कागदावर रेघा ओढून मला समजावले.

“हे मयत. मूलबाळ नाही, बायको आधीच गेलेली. मग वर बघायचं, आईबाप. तेही नाहीत. मग बाजूला, भावंडं. ही बहीण. हा भाऊ, तो मयतानंतर पंधरा दिवसांनी गेला, म्हणून त्याचा वाटा या मुलाला. झाले दोन हिस्से.”

“आणि मी?”

“तुम्ही बायकोच्या बहिणीचे.”

“ते या रेघांत कुठं येतं?”

“येतच नाही. ती रेघ या कागदावर ओढायचीच नसते.”

मी तो कागद फिरवून पाहिला. वरून पाहिले, बाजूने पाहिले. काकांना शेवटचे पाणी मी पाजले होते. त्या वेळी मी कागदाच्या कोणत्या बाजूला होतो, हे मला कळेना.

“अरे, तू घरचाच आहेस,” आत्या हळूच म्हणाल्या. “पण कागदाला कुठं कळतं ते?”

“उलट यांचा उपयोगच आहे,” लेखनिक म्हणाला. “साक्षीदार लागतोय. आणि साक्षीदाराला हिस्सा नसावा लागतो.” त्याने माझ्या नावासमोर ‘मयताशी संबंध’ या रकान्यात ‘परिचित’ असे लिहिले.

पुतण्या खाली मान घालून म्हणाला, “दादा, तुमची हरकत असेल तर दुसरा बघू.”

“हरकत कसली,” मी म्हणालो. वस्तुतः हरकत होती की नव्हती, याचाच मी शोध घेत होतो.

आमच्या पुढच्या मंडळींचा कागद खिडकीतून परत आला. “पानं क्रमानं नाहीत. नीट लावून आणा. पुढची तारीख अडीच महिन्यांनी,” आतला आवाज म्हणाला. ती माणसे हुज्जत घालीत राहिली आणि लेखनिकाने आमची प्रत सहीसाठी माझ्या हाती दिली.

पाने हाती आली की माझा अंगठा आपोआप ती मोजतो. त्या दिवशीही त्याने मोजली. चौथ्यानंतर सहावे पान, त्यामागे पाचवे.

मी प्रत मिटली. अडीच महिने. एका शाळेच्या ग्रंथालयाची साठ पुस्तके अर्धवट शिवून पडली होती, ती पूर्ण झाली असती. सकाळी तेच कुलूप काढता आले असते. कोणाला दोष लागणार नव्हता. चूक लेखनिकाची होती. आत्या बाकावर गुडघा चोळीत होत्या. त्या दोन गाड्या बदलून आल्या होत्या.

“काय झालं? सही करा ना,” लेखनिक म्हणाला.

हे योग्य की वेडेपणाचे, याचा निर्णय मला आजही करता आलेला नाही. मी म्हणालो, “सहावं पान आधी लागलंय.”

“अरेच्चा.” त्याने घाईने पानांत ओवलेली फीत सोडली व तो पाने पुन्हा लावू लागला, पण भोके मोठी होऊन ती वेडीवाकडी बसत होती.

“असं नको, फाटतील. द्या इकडं.”

सुई माझ्या सदऱ्याच्या पट्टीत आतून टोचलेली असते. दोरा त्याच्याकडचा घेतला. व्हरांड्याच्या कठड्यावर पाने ठोकून सारखी केली, जुनी भोके सोडून नवी पाडली आणि शिवण घातली. पुतण्या जवळ येऊन पाहत होता. मध्येच त्याने कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून कडेवर हात ठेवला.

अधिकाऱ्यांनी प्रत उघडली. ती सपाट उघडली आणि उघडीच राहिली.

“हे कुणी शिवलं?” त्यांनी विचारले.

“साक्षीदारानं,” लेखनिक म्हणाला.

त्यांनी शेवटचे पान उघडून दिले आणि दाखवलेल्या जागी मी सही केली.