पाहुण्यासाठी तापवलेले दगड

आमची धावपट्टी बायकांनी केली. पुरुष म्हणतील आम्ही केली, तर म्हणू देत. त्यांनी दोऱ्या ताणल्या, खुंट्या ठोकल्या आणि वर उभं राहून आरडाओरडा केला. माती आणि दगड वाहिले ते आम्ही, कपाळाला अडकवलेल्या जाळीच्या पिशव्यांतून, पाठीचा कणा मोडेपर्यंत, अकरा वर्षं. काम सुरू झालं तेव्हा माझी धाकटी बहीण यमिमा एवढीशी होती. मुठीएवढा दगड आणायची आणि माझ्यापेक्षा जास्त दमल्याचं नाटक करायची. पट्टी पुरी झाली तेव्हा तिचं लग्न होऊन वर्ष झालं होतं.

पट्टीच्या वरच्या टोकाला डोंगराची भिंत, खालच्या टोकाला सरळ दरी. विमान दरीकडून येतं आणि चढावर उतरतं. एकदा खाली झेपावलं की परत वर उचलायला जागा नाही. त्यामुळे पायलटला अख्खी पट्टी दुरूनच दिसावी लागते. तीही सकाळीच, कारण नऊ वाजले की ढग दरीत येऊन बसतात आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत हलत नाहीत.

पट्टीमागून दवाखाना आला. पत्र्याचं छप्पर, उन्हावर चालणारा रेडिओ, एक खाट. औषधाच्या कपाटाला मोठं कुलूप आहे, आत काहीच नाही. लेपिनुस तिथला कंपाउंडर. पोरगा मनाने चांगला, पण त्याला ताप मोजण्यापलीकडे काही येत नाही, आणि हे तो स्वतःच सांगतो.

यमिमाचं पोट दुखायला लागलं त्याला दीड दिवस झाला होता. पोटातलं पोर आडवं बसलं होतं. गावातल्या चार म्हाताऱ्यांनी हात लावून पाहिलं आणि एकेक करून उठून गेल्या. लेपिनुसने रेडिओवरून शहराला कळवलं. उद्या सकाळी सातला विमान येईल, असा निरोप आला. माझ्या जिवात जीव आला. मी यमिमाला सांगितलं, सकाळी तू आकाशात असशील. ती म्हणाली, "ताई, मला वरून आपली पट्टी बघायचीय. मी आणलेला दगड कुठला, ते ओळखते."

आता माझी अक्कल कुठे गेली होती ते सांगते.

आदल्या वर्षी हाच पायलट आला होता. आमच्या गावच्या वुंगेनाकच्या बापाचा पाय सडत होता, त्याला न्यायचं होतं. पायलट म्हणाला, वजन जास्त झालं, जागा नाही. सामान उतरवलं आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेला. म्हातारा महिन्याभरात मेला. गावात सगळ्यांनी एकच निदान केलं: त्याला जेवू घातलं नाही, म्हणून त्याने नेलं नाही. आमच्यात डुक्कर जमिनीतल्या खड्ड्यात, तापवलेल्या दगडांवर शिजवतात, आणि ज्याच्या खड्ड्यातलं खाल्लं, त्याला नाही म्हणता येत नाही. भाऊ भावाला मारायला उठला असला तरी एका खड्ड्यातलं खाल्लं की हात खाली येतो. हे आम्ही आईच्या दुधासोबत शिकतो. पायलट आईचं दूध कुठलं प्यायला होता, याचा विचार कुणी केला नाही.

गावप्रमुख एकिनुस संध्याकाळी माझ्याकडे आला. या वेळी पाहुणा उपाशी गेला तर गावाचं नाक कापलं जाईल, म्हणाला. डुक्कर कुणाचं, हे काही तो बोलला नाही. नुसता माझ्या डुकराकडे बघत राहिला. ते डुक्कर पिल्लू असल्यापासून मी वाढवलं होतं, माझ्याच चुलीशेजारी झोपायचं. मी म्हटलं, घे. आणि वर त्यालाच शहाणपण शिकवलं, "एकिनुसदादा, विमान यायच्या आधीच दगड तापवायला ठेवा. तो उतरेल तेव्हा मांस खड्ड्यात गेलेलं पाहिजे. नाहीतर घाई आहे म्हणून सटकेल." एकिनुसने मान डोलावली. म्हणाला, तेरिना, तुझ्यासारखं डोकं आमच्या पुरुषांना नाही.

खड्डा पट्टीच्या कडेलाच खणला, कारण गावात सपाट जागा तेवढीच. सकाळी आकाश स्वच्छ होतं. रेडिओवर शहराने विचारलं, हवा कशी आहे? लेपिनुसने दवाखान्याच्या दारातून वर पाहिलं आणि सांगितलं, एकदम मोकळी. खोटं नव्हतं ते. आम्ही यमिमाला बांबूच्या डोलीत घालून पट्टीपाशी आणलं. तिच्या पायांशी मी एक नवी जाळीची पिशवी ठेवली, बाळासाठी विणलेली. परत येताना ते त्यातूनच येणार होतं.

पुरुषांनी लाकडं रचली, त्यावर दगड रचले आणि पेटवलं. रात्री पाऊस पडून गेला होता, लाकडं ओली. पांढराशुभ्र धूर निघाला आणि थंडीत वर न जाता पट्टीवर आडवा पसरला. आमच्या दरीत सकाळचा धूर वर जात नाही, हे काय मला माहीत नव्हतं? जन्मभर चुली पेटवल्यात मी. पण मी धुराकडे पाहिलंच नाही. मी आकाशाकडे बघत होते.

विमानाचा आवाज आला तेव्हा पोरंबाळं नाचायला लागली. एकिनुसने डोक्यावर पिसं खोचली. विमान दरीतून वर आलं, आमच्या डोक्यावरून गेलं, वळलं, परत आलं. लेपिनुस दवाखान्याच्या टेकडीवरून धावत सुटला होता, हात हलवत, छाती फुटेस्तोवर ओरडत. "विझवा! त्याला काही दिसत नाहीये, विझवा!"

मग पुरुषांनी पाणी ओतलं. तापल्या दगडांवर. भसकन वाफ उठली आणि होती नव्हती तेवढी पट्टीही गायब झाली. मला शेजारची डोली दिसेना. विमान आणखी एकदा आलं. आवाज इतका जवळ होता की यमिमाने हात वर केला. मग आवाज लांब गेला, आणखी लांब गेला.

"पाहुणा उपाशी गेला," एकिनुस म्हणाला. देवाशपथ, त्याच्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघालं.

थोड्या वेळाने ऊन आलं आणि धूर विरला. पट्टी अगदी स्वच्छ दिसायला लागली, गवताची काडी न् काडी. लेपिनुसने रेडिओवर गयावया केली. पायलट परत निघून गेला होता, शहर म्हणालं, उद्या पाहू. तेवढ्यात ढग आलेच. आणि कुणीतरी म्हणालं, दगड अजून गरम आहेत, डुक्कर कापलेलं आहे, वाया कशाला घालवायचं.

त्यांनी शिजवलं. एकिनुसने काळजाचा तुकडा पानात गुंडाळून माझ्याकडे पाठवला, मानाचा. यमिमाला वास आला. दोन दिवस तिच्या पोटात काही नव्हतं. तिने मागितला. मी भरवला, तिला तो गिळता आला नाही. ढग तसेच होते, दुपार होती, लोक अजून बोटं चाटत होते, तेव्हा ती गेली. पोर बाहेर आलंच नाही.

पाच आठवड्यांनी तोच पायलट पट्टी तपासायला आला. वापरायची की बंद करायची, ते तो ठरवणार होता. या वेळी त्याचं विमान थांबल्यावरच आग पेटवली. डुक्कर एकिनुसचं होतं. तो मला आधीच बजावून गेला होता, यमिमा मेल्याचं नाव काढू नकोस, पट्टी बंद करतील. गावात आणखी तीन बायका पोटुशी होत्या. मी गप्प बसायचं कबूल केलं.

पायलट तरुण होता, लालबुंद तोंडाचा. मांडी घालून बसला, हाताने खाल्लं, बोटं भाजली तेव्हा हसला. आमच्या भाषेतले दोन शब्दही बोलला. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. मग लेपिनुसला त्याने विचारलं, त्या दिवशी एक बाई होती ना, तिचं काय झालं?

एकिनुस हसून म्हणाला, "बरी झाली. ही तिची बहीण."

पायलटने माझ्याकडे वळून दोन्ही हात जोडले. त्याला खरंच आनंद झाला होता. "मुलगा की मुलगी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ते तर आम्हालाही कधी कळलं नाही.

"मुलगी," मी म्हणाले. आणि त्याच्या पानात आणखी एक तुकडा वाढला.

पट्टी पास झाली. एकिनुसला शहरात कसलीशी बैठक होती, त्याने विचारलं, मला नेता का? पायलट लगेच हो म्हणाला. वजनाचं नावही काढलं नाही. बघितलंस, एकिनुस जाता जाता माझ्या कानाशी म्हणाला, एकदा खाल्लं, की 'नाही' म्हणता येत नाही.

विमानात चढण्याआधी पायलटने बिस्किटांचा पुडा आणून माझ्या हातात दिला, मुलीसाठी. मी घेतला. दुसऱ्या हातात मांसाचं पान होतं, म्हणून खांद्यावरच्या पिशवीत टाकला. यमिमाच्या बाळासाठी विणलेली तीच नवी पिशवी होती, रिकामी.