बेडकांची फळी

दिवाळी सरली की येळ्ळूरचा सुबराव नातींसाठी बांधलेल्या परसातल्या स्विमिंग पूलवर ताडपत्री ताणायचा. आत पडलेल्या बेडकांना वर चढता यावं म्हणून त्याची बायको अंजनी पाण्यात एक तिरकी फळी सोडायला लावायची. यंदा तिला धड उठवतही नव्हतं.

"फळी सोडलीसा न्हवं?" ती खाटेवरून विचारत राहिली.

"मसणात गेली तुझी बेडकं!" सुबराव खेकसला. फळी त्यानं सोडलीच नाही.

पौषात अंजनी गेली.

शिवरात्रीला त्यानं ताडपत्री उचलली, तर फळी होती. अंजनीच्या लुगड्याच्या काठानं शिडीला बांधलेली. भिंत धरून ती कधी येऊन गेली, त्याला कळलंच नव्हतं. फळीवर एक बेडूक बसला होता.

"हाय गं, जित्ता हाय," सुबराव म्हणाला.

ऐकायला परसात तो बेडूकच तेवढा होता.