चांदीची धाव

अमेरिकेतल्या लढाईनं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि भातकुलीच्या नत्थुजीचं डोकंच फिरलं. पठ्ठ्यानं बंडीच्या चाकांना लोखंडी पट्टीऐवजी चांदीची धाव चढवली. बायको जमुनानं चांदीचे तोडे मागितले की मात्र त्याचा हात आखडायचा.

जमुना गप्प राहिली. पायातली चांदीची जोडवी कशी झिजतात, हे तिनं पाहिलं होतं.

अमरावतीच्या वाटेवर कापसाच्या ओझ्यानं धाव दगडांवर चेपली आणि चाकावरून सोलून निघाली.

"चांदी मऊच राह्यते," म्हणत जमुना खाली उतरली आणि पट्टी गुंडाळू लागली.

"तुले मालूम होतं, त बोलली काहून नाही?" नत्थुजी खेकसला.

"बोलली असती, त माह्या तोड्यांची चांदी घरात आली असती का?"