बोटांखालची बेटं

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे, पण मला कुणी पाहत नाही, मला चाचपतात. आमची शाळा दृष्टिहीन मुलांची. मी तिथे मेजावर उताणा पडलेला असतो.

भूगोलाच्या बाईंनी कागदाचा लगदा डिंकात कालवून फळीवर दक्षिणेकडचे खंड घडवले. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम काठाने अँडीजचा कणा उभा केला, ॲमेझॉन नखाने कोरली. आफ्रिकेच्या पठारात खचदरी ओढली. सपाट ऑस्ट्रेलियाला पूर्वेकडे तेवढी डोंगरांची कड दिली. अंटार्क्टिकाला काच बसवली, बोटाला गार लागावी म्हणून. महासागरात ज्वालामुखीच्या बेटांसाठी भोक वर करून बारीक मणी चिकटवले आणि प्रवाळबेटांसाठी मोहरीच्या दाण्यांची इवली इवली गोल कडी केली. पृथ्वी घडवताना देवालाही एवढाच आनंद झाला असेल!

वीस वर्षं पोरांनी मला कुरवाळलं. अँडीज झिजला, पण त्या झिजण्यातही सुख होतं.

यंदा मात्र सुट्टीत शिपाईमामांना माझी दया आली. माझा खरखरीत समुद्र त्यांना बघवेना. त्यांनी त्यात लांबी, म्हणजे भिंतीच्या भेगा बुजवायचा लगदा, भरून तो गुळगुळीत केला आणि वर निळा तेलरंग दिला. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती!

शाळा उघडली ती ठमीच्या तोंडी परीक्षेनेच. या शाळेतून भूगोलाच्या परीक्षेला बसलेली ती पहिलीच मुलगी. ती नापास झाली, तर पुढच्या मुलांना हा विषय मिळणार नव्हता.

परीक्षक म्हणाले, "एखादं प्रवाळबेट दाखव."

ठमीचं बोट फिरलं, घसरलं, पुन्हा फिरलं.

"बाई, समुद्र रिकामाय."

"असं कसं होईल, बाळा?" बाईंनी माझ्यावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला. "मामा! काय केलंत हे?"

"रंग दिला की! कसा झक्क दिसतोय!"

"कुणाला दिसतोय, मामा?"

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "पुढचा प्रश्न घेऊ?"

"थांबा ना सर!" ठमी म्हणाली. "बेट काय पळून जाणारे? ऑस्ट्रेलियाचं उत्तर टोक हे. इथून पूर्वेला चार बोटं. मामा, इथे खरवडा. हळू हं, दाढी केल्यासारखं."

मामा खरवडू लागले. निळे पापुद्रे निघाले, खाली काही नाही. आणखी थोडं, तरी काही नाही. मी मनात देवाचा धावा करत होतो.

"लागलं!" ठमी ओरडली. "गोल कडं, मधे उथळ पाणी. ज्वालामुखीचं असतं तर वर भोक लागलं असतं."

परीक्षकांनी स्वतःचे डोळे मिटले आणि तिथे बोट टेकवलं. मग म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी किती मुलं बसवणार?"

मित्रांनो, माया जरूर करा, पण कुणाच्या वस्तूला हात लावण्याआधी ती त्याच्या काय कामाची आहे, एवढं त्यालाच विचारा. मामा आता रोज थोडा थोडा रंग काढतात. पण काही मोहऱ्या रंगाबरोबरच निघून गेल्या. त्या जागी एखाद्या नव्या मुलाचं बोट आलं की मी धास्तावतो. त्याला वाटेल, इथे कधी काही नव्हतंच.